पंखा बंद ठेवायची नोकरी

तुमसर रोडच्या फलाटावर बाबांनी माझी पेटी डब्यात चढवली आणि गाडी हलता हलता अट घातली, "महिनाभरात काम नाही जमलं, तं गपचूप घरी येजो. मंग आमी पाहू त्या पोराशी लगन करजो." आई रडत होती. मी मात्र खुशीत! भिलाई म्हणजे पगार, सायकल आणि माझं मी.

नोकरी टाऊनशिपमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, महिनाभर ट्रायलवर. पेशंटच्या अंगातून काढलेला तुरीच्या डाळीएवढा तुकडा मेणात बसवायचा, मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. तेव्हा कुठे डॉक्टरांना मायक्रोस्कोपखाली रोग दिसणार. वाऱ्याने काप उडतो म्हणून पंखा बंद. भिलाईचा मे महिना आणि पंखा बंद! मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवावा लागायचा. तरी माझे काप सुरकुतायचे, फाटायचे. मला पक्कं करायचं की नाही ते सीनियर सिन्हादीदी ठरवणार होत्या. त्या म्हणायच्या, "साँस रोक के, बिटिया."

महिना संपायला आला तसे बाबा न्यायला आलेच, थेट लॅबमध्ये, घामाने निथळत. नेमका तेव्हाच माझा पहिला अखंड काप चिमट्यात होता. पण दारात बाप घामाघूम उभा. बाहेरून आलेल्याला आधी वारा, हे घरचं वळण कुठे जाणार? मी पटकन पंखा लावला. झालं! काप उडाला तो बाबांच्या मिशीवर.

"कावून वं, काय उडालं?"

"माझी नोकरी," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

सिन्हादीदी पोट धरून हसल्या. ठोकळ्यात तुकडा शिल्लक होता. "फिर से काट," म्हणाल्या. बाबांनी स्वतः पंखा बंद केला, स्टुलावर बसले आणि चक्क श्वास रोखला. काप पाण्यावर सपाट पसरला. मी खालून काच सरकवून तो उचलला. एक सुरकुती नाही! दीदी "पास" म्हणाल्या तोवर बाबा लालबुंद झाले होते.

"बाबा, घ्या आता श्वास!"

ते एकटेच परत गेले.

पुढे मी सुट्टीत गावी गेले, की बाबा आधी पंखा फुल करायचे. "बस माय. इथं काय उडाचं ते उडू दे." त्या वाऱ्यात मी दुपारभर लोळायचे.

आता बाबा नाहीत. आमचं घर भिलाईतच, स्मृति नगरात आहे. लेक इंदूरच्या हॉस्टेलातून नोट्सचा गठ्ठा हातात घेऊन येते, दारातूनच ओरडते, "आई, कित्ती गर्मी है!" तिची बॅग खाली टेकायच्या आत मी पंखा पाचावर करते.

"अगं, माझे नोट्स उडतील!"

"उडू दे वं माय," मी म्हणते, "इथं उडू दे."