जबडा बांधून परण्यात

हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत माझ्यासारखा घोड्यावर बसणारा माणूस नाय. फक्त मागच्या वर्षभरात मी बसलो नव्हतो, अन् त्याच्या आधी बसायचो तवा पुढून कुणीतरी घोडी धरलेली असायची.

धंदा आमचा वरातीच्या घोडीचा. घोडी एकच, राणी. तिला नाचायला मीच शिकवलं. (शाळेत गेलो नाय, पण मास्तर झालो तो असा.) मग एका सकाळी भाकरीचा तुकडा चावला अन् उजव्या जबड्यात करंट बसला. मला वाटलं, भाकरीत वायर आली!

डॉक्टर म्हणले, "चेहऱ्याची नस आहे. गोळ्या घ्या. वारं लागू देऊ नका, जास्त चावू नका, जास्त बोलू नका."

शेवटचं ऐकून आमच्या बायकोनं, मंगलनं, डॉक्टरला वाकून नमस्कार केला.

वर्षभर मी पातळ पिऊन जगलो. गालाला वस्तरा लागला तरी गल्ली गोळा व्हायची. पुढं गोळ्यांनी आराम पडला, डॉक्टर म्हणले आता बसा घोड्यावर. पण घोडीचं एकेक पाऊल पार दातात येऊन आदळतं, हे डॉक्टरला कुठं ठाऊक? मी आपला रोज उद्या बसतो म्हणायचो. शेवटी मंगलनं अजिंठ्याकडून चांदभाईला बोलावलं. चांदभाई म्हंजे घोड्यांचा व्यापारी.

"कशाला इकायची राणी?" मी म्हणलो.

"मग काय करू? बसणारा खाटंवर, घोडी दावणीला. दोघं बी माझ्याच हातचं खात्यात."

"मी बसतो की!"

"कधी?"

"आत्ता!"

(हे 'आत्ता' माझ्या तोंडातून कसं निघालं, मला अजून कळलं नाय.)

मंगलनं पदर खोचला. "बसा. पुलापर्यंत जाऊन या. वरडला नाय तर घोडी ऱ्हाईल. वरडला की चांदभाई घेऊन जातील."

आता आपलं डोकं बघा. वरडायचं नसंल तर तोंडच उघडायला नको! मी पांढरा गमछा घेतला, हनुवटीखालून वर नेला अन् टाळूवर गच्च गाठ मारली. वारं लागू नये म्हणून दोन्ही कानांत कापूस.

चांदभाईनं मला बघितलं अन् तो हळूच म्हणला, "भाभी, इनकू बिठाने का है के लिटाने का?"

बसलो. राणी चालली. जबडा गप! पूल दिसाया लागला. गमछ्याच्या आतल्या आत मी हसलो. मागून स्कुटीवर मंगल अन् चांदभाई येत होते, त्यांना ऐटीत हात केला.

तेवढ्यात बँजो वाजला.

समोरून परण्या निघाला होता. आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो अन् तिथून वाजतगाजत घोड्यावर मांडवाला जातो, तो परण्या. राणीनं वर्षानंतर बँजो ऐकला. ती पूल विसरली, मला विसरली अन् सरळ गर्दीत घुसली. मी लगाम ओढला. (लगाम ओढला की पुढचे दोन पाय वर करायचे, हे तिला कुणी शिकवलं? मीच!) राणी उभी! पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मी घाबरून अजून ओढला, ती अजून नाचली.

"आरं, राणी आली रं राणी!" बँजोवाले वरडले अन् सगळा ताफा आमच्या पुढं येऊन वाजवाया लागला. खरा नवरदेव मागं, एका झोपाळू घोड्यावर, मुंडावळ्या बाजूला सारून बघतोय की आपलं लगीन कुठं चाललं!

मी "हंऽ! हंऽ!" करून सांगत होतो की मी त्यातला नाय. पण बांधलेल्या तोंडानं 'हं' केलं की लोकांना वाटतं, माणूस खुशीत हाय.

मांडवाच्या दारात नवरीची आत्या तबक घेऊन उभी. परभणीवरून आलेली, नवरदेव कधी बघितलेला नाय. तिनं पहिल्या घोडीवरच्या माणसाला ओवाळलं. म्हंजे मला.

"अगं बाई, पोरगा लई वयस्कर दिसतोय," ती शेजारणीला म्हणली. "अन् दाढ बी दुखतीय वाटतं."

"फोटोत तर बरा होता," शेजारीण म्हणली.

"जाऊ दे. जावईबापू, खाली वाका. तोंड गोड करा."

मी मान हलवली.

"लाजू नका हो!" म्हणत तिनं गमछा खाली ओढला, तोंडात आख्खा पेढा कोंबला अन् वरून मायेनं उजवा गाल दाबला.

जे वरडलो! बँजो थांबला. आतून भटजी मंगलाष्टकांचा कागद घेऊन बाहेर पळत आला. आत्याच्या हातातलं तबक खाली पडून गरगरत राहिलं. अन् एवढ्या गोंधळात राणी? कान सुदिक हलवला नाय. खांबासारखी उभी.

मला चौघांनी उतरवलं. नवरदेवाचा मामा म्हणला, "आमचा पोरगा ह्याच घोडीवर बसंल!" त्याला बसवलं. राणी अशी काय नाचली की आत्या बी तबक उचलून नाचली. दोघातिघांनी आपापल्या वरातीसाठी तिथंच मंगलचा नंबर घेतला.

चांदभाई खुशीत पुढं आला. "चिल्लाया ना? घोडी हमारी."

मंगल राणीकडं बघत होती. मग म्हणली, "नाय भाऊ. घोडी नाय इकायची."

माझी छाती फुगली. म्हणलो, "बघ! म्हणलो नव्हतो का, मी बसलो की घोडी ऱ्हाईल?"

"अन् मैं इत्ते दूरसे खाली हाथ जाऊं?" चांदभाई म्हणला.

"खाली कशाला जाता?" मंगलनं माझ्याकडं बोट केलं. "हे घेऊन जा."

घोडं घेताना व्यापारी जसं खुरापासून बघत वर येतो, तसं चांदभाईनं मला पायापासून बघितलं. जबड्यापाशी आला अन् मान हलवली.

"नक्को भाभी. दांत देखने कू मूं खोलता नई, ऐसा जानवर कौन लेता?"