बिननावाचा नाकतोडा

माझे पुढचे दोन दात नकली आहेत. खरे ज्यानं पाडले, तो संज्या परवा गेला.

हायवे क्रॉस करताना टेम्पोनं उडवला. जागेवरच.

पोलीस चौकीत मी त्या टेम्पोवाल्याची कॉलर धरली आणि कानाखाली दोन ओढल्या. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणारा पन्नाशीचा माणूस मी. हवालदारानं मला ओढून बाहेर काढलं. संज्या असता तर म्हणाला असता, हात अजून कच्चाच हाय तुझा.

संज्या माझा शाळेपासूनचा दोस्त. उचगावात पंक्चरचं दुकान, बारावी नापास. पण किड्यांच्या बाबतीत त्याच्यासारखी नजर मी एकाही डॉक्टरेटवाल्याकडं बघितली नाही. माझ्याकडं तर नाहीच.

दर रविवारी आम्ही त्याच्या गाडीवरून किडे शोधत हिंडायचो. तो पकडायचा. मी घरी आणून टाचणीला लावायचो आणि लेबल लिहायचो. कुठं सापडला, कधी, कुणी पकडला.

सहा वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, पश्चिमेकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, त्याला एक नाकतोडा दिसला. नखाएवढा, बिनपंखाचा, पाठीवर पिवळा पट्टा.

मला वाटलं पिल्लू आहे. तो म्हणाला, पिल्लू न्हाय, पुरा वाढलेला नर हाय, नीट बघ की.

नीट बघितलं. मग दोन महिने जगभरातले संशोधनाचे पेपर चाळले. असा नाकतोडा आजवर कुणी नोंदवलाच नव्हता.

आमच्या प्राणीशास्त्रात नियम साधा आहे. नव्या जातीला नाव द्यायचं तर नमुना जपून ठेवावा लागतो. नमुना नाही तर नाव नाही.

आणि आमच्याकडं नमुना एकच.

मी पेपर लिहिला. लेखक म्हणून वर फक्त माझं नाव. प्रमोशन अडलं होतं माझं. संज्याचं नाव शेवटी, आभारात टाकलं.

खोटं कशाला बोलू, चोरी होती ती.

माझ्या टेबलावर त्याला तो कागद दिसला. अडखळत इंग्रजी वाचत वाचत आभारापर्यंत आला आणि थांबला.

"आभार? मी काय पावणा हाय व्हय रं?"

आणि बुक्की. दोन दात एका दमात. तोंड रक्तानं भरलं. हाताला लागलं ते मी त्याच्या डोक्यात हाणलं.

हाताला लागली ती नमुन्याची पेटी.

काच फुटली. त्याच्या कपाळातून धार लागली. तरी थांबतोय कोण! फरशीवर लोळत एकमेकांना तुडवत होतो. बायकोनं अंगावर बादली ओतली तेव्हा सुटलो.

खाली काचा, रक्त, आणि नाकतोड्याचा चुरा. एक तंगडी तेवढी ओळखू येत होती.

संज्या गुडघ्यावर बसून ती तंगडी उचलायला बघत होता. त्याच्या जाड बोटांत ती येईना.

पुढच्या पावसाळ्यात तोच माझ्या दारात. कपाळावर टाक्यांची खूण. म्हणाला, चल, दुसरा हुडकू.

मी सॉरी म्हटलं नाही. तेवढं मोठं मन कुठलं आणायचं? म्हटलं, सापडला तर त्याला तुझं नाव देऊ.

"किड्याला नको. लिहिणाऱ्यात पाहिजे. तुझ्या आधी."

पाच पावसाळे गेले. सड्यावरचं गवत काडी काडी करून चाळलं. दोनदा तिथंच जुंपली, चिखलात लोळलो, आणि एकाच गाडीवर बसून घरी आलो.

काहीच सापडलं नाही.

यंदा, दोन आठवड्यांपूर्वी, सापडला. पण पिल्लू. अजून एक कात टाकायची होती. पिल्लावरून जात पक्की करता येत नाही. मी म्हटलं, घरी नेऊ, जाळीत वाढवू. संज्यानं माझा गळाच धरला.

"एकदा मोडलास तू. आता हात लावायचा न्हाय. पंधरा दिवसांनी येऊ."

मी ऐकलं. तेराव्या दिवशी संज्या गेला.

आज सकाळी रक्षाविसर्जन झालं. राख पाण्यात सोडली आणि त्याच ओल्या कपड्यांत सड्याकडं गाडी मारली.

दुपारपर्यंत रांगत होतो. गुडघे सोलले. मग दिसला. पिवळाधमक पट्टा, पुरा वाढलेला नर. तोच की दुसरा, देव जाणे.

टोपीखाली दाबला. सुटायच्या धडपडीत त्याची मागची तंगडी तुटून माझ्या बोटांत राहिली. तसाच किडे मारायच्या औषधाच्या बाटलीत टाकला. पाय झाडत झाडत मेला. तोवर बघत बसलो आणि मग त्या उघड्या सड्यावर बोंबलून रडलो.

लेबलावर 'कुणी पकडला' तिथं संज्याचं नाव लिहावं वाटलं. नाही लिहिलं. खोटं लेबल बघून त्यानं उरलेले दातही पाडले असते.

पेपर मात्र आत्ताच परत टाईप केला. आधी त्याचं नाव, मग माझं. आभाराची जागा रिकामी ठेवलीय.

भावपूर्ण वगैरे तुला चाललं नसतं, संज्या.

चुकलो मी, मर्दा. हे तुझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं.