हनुमान देवकत्याची जीभ

हनुमान देवकतेला माणसांचा तिटकारा आहे, असं त्याच्या धर्मापुरीत सगळे म्हणत. पण ते तितकंसं खरं नाही. त्याचं माणसांशी काही वाकडं नव्हतं, माणसांच्या जिभांशी होतं. परळीपासून तेलगावपर्यंत चव कळणारी एक जीभ नाही, तिखट आणि गोड सोडून या लोकांना तिसरं काही ओळखता येत नाही, हे त्याचं ठाम मत होतं आणि ते तो कुणी न विचारता ऐकवायचा. लग्नाच्या पंगतीत बसला की वरणाचा वास घ्यायचा, नाक मुरडायचा आणि शेजारच्याला सांगायचा की डाळ गेल्या वर्षीची आहे. शेजारचा म्हणायचा, "आरं मग जेवू नको की." हनुमान जेवायचा. दोनदा वाढूनही घ्यायचा.

त्याचा बाप सिदू मेंढरं राखायचा. हनुमान बारावीत आपटला तेव्हा मेंढरांमागं जायची त्याला लाज वाटली, म्हणून एका नात्यातल्या माणसाबरोबर तो नाशिककडं गेला आणि एका द्राक्षमळ्यावर वाइनच्या कारखान्यात पेले धुवायला लागला. लोक लांबून गाड्या करून यायचे, पेले हलवायचे, वास घ्यायचे, घोटभर पिऊन डोळे मिटायचे आणि पेला हनुमानकडं धुवायला यायचा. धुण्याआधी हनुमानही वास घ्यायचा. तीन वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या उष्ट्या पेल्यांचे वास घेतले.

एकदा अंजू मॅडमनी त्याला पकडलं. तिथली वाइन करणारी बाई हीच. रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं विचारलं, "काय वास येतोय?"

"भिजलेल्या मेंढराचा," हनुमान म्हणाला. "लोकर वली झाल्यावर येतो न्हाई का, तसा."

मॅडम बघतच राहिल्या. त्या पांढऱ्या वाइनला ओल्या लोकरीचा वास येतो, असं म्हणे पुस्तकांतून लिहिलेलं असतं, आणि ते वाचून मोठमोठे जाणकार माना डोलावतात. आयुष्यात त्यातल्या एकानंही ओलं मेंढरू हुंगलेलं नसतं. हुंगलेला माणूस मोरीत पेले धूत होता. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी त्याला मोरीतून काढून आपल्या हाताखाली घेतलं.

पुढची आठ वर्षं त्यांनी त्याला शिकवलं. फ्रान्सची कशी, इटलीची कशी, चिलीची कशी, कुठली माती जिभेवर कशी बोलते, घोट तोंडात फिरवून थुंकायचा कसा. बिघडलेली वाइन ओळखण्यात तर तो मॅडमच्याही पुढं गेला. पिंपातला नमुना आला की त्या आधी त्याला विचारायच्या, "हनुमान, तू सांग." एवढ्या एका वाक्यासाठी तो सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही, जीभ खराब होईल म्हणून. पाहुण्यांच्या टेबलापाशी उभं राहताना त्यानं छातीवरच्या पाटीवर नाव लिहून घेतलं, हॅनी. हा मूर्खपणा मात्र मॅडमनी शिकवलेला नव्हता, तो त्याचा स्वतःचा.

मग मालकांनी वाइनची इंग्रजी पदविका घेतलेला एक पोरगा त्याच्या वर आणून बसवला. हनुमाननं त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत चव ओळखण्यात नापास केलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मॅडम म्हणाल्या, थांब, घाई करू नकोस. हा म्हणाला, आमच्या जिल्ह्यात जाऊन दाखवतो.

जिल्ह्यात येऊन त्यानं काय दाखवलं, तर परळीच्या एका परमिट रूममध्ये क्वार्टर वाढल्या. तिथं वाइन मागणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. ते आलं की हनुमानचे डोळे चमकायचे आणि गिऱ्हाइकानं पेल्यात बर्फ, सोडा आणि वर काळं थंड पेय ओतलं की विझायचे. एक ठेकेदार तर वाइनमध्ये फरसाण भिजवून खायला लागला. हनुमान त्याला म्हणाला, "साहेब, तुमच्या जिभेवर थर्मल वीजकेंद्राची राख बसलीय." ठेकेदार म्हणाला, "बे, तू वाढप्या हायस, वाढ." मालकानं हनुमानला त्याच दिवशी घरी पाठवलं.

घरी बबिता होती, त्याची बायको, आणि चौथीतली मुलगी तेजश्री. बापाच्या दोन खोल्यांत आठ माणसं. बबिताला नवऱ्याच्या जिभेचं कौतुक कधीच नव्हतं. "एवडी हुशार जीभ हाय तुमची, तर घरी काहून बसलाव?" ती विचारायची, आणि हनुमान भाकरीत खोट काढायचा.

अशा दिवसांत तेलगावच्या राधाकिशन आप्पांचा निरोप आला. आप्पा म्हणजे ऐंशी एकर ऊस-कापूस, दोनदा पंचायत समिती, आणि तिसऱ्यांदा पडल्यावर रिकामपण. रिकामपणात ते कुठल्याशा अभ्यास दौऱ्यावर जाऊन द्राक्षमळे पाहून आले आणि येताना त्यांना वाइनची बाधा झाली. परळी रोडवरच्या शेतात ते रिसॉर्ट बांधत होते. तिथं शहरातले लोक येणार, हुरडा खाणार आणि देशोदेशीच्या वाइन चाखणार, असं त्यांच्या डोक्यात होतं. पुतण्याकडून त्यांनी पुण्याहून सहा देशांच्या सहा महागड्या बाटल्या आणवल्या होत्या.

"तू यातला म्हनं," आप्पा म्हणाले. "मंग मॅनेजर व्हय. तिथंच दोन खोल्या देतो, पोरीला तेलगावच्या इंग्रजी शाळंत घालू. पर आदी मला खात्री पटू दे."

हनुमाननं स्वतःच सुचवलं की नाशिकच्या अंजू मॅडमना बोलवा, त्यांनी माल द्यायचं कबूल केलं तर रिसॉर्टचं नाव होईल. मनातलं खरं कारण वेगळं होतं. आपण मॅनेजरच्या खुर्चीत बसलेलो त्यांनी पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. आप्पांनी फोन लावला. मॅडम मेच्या अखेरीस येते म्हणाल्या.

तेव्हा मार्च चालू होता. निघताना आप्पांनी विचारलं, "या बाटल्या तवर ठेवायच्या कशा?"

हनुमानकडं या प्रश्नाचं अर्ध्या तासाचं उत्तर होतं. अंधार, गारवा, बाटली आडवी, हलवायची नाही. पण त्यानं आप्पांच्या तोंडातला गुटखा पाहिला, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईंचा, पिठानं भरलेला हात पाहिला आणि त्याला कंटाळा आला. या लोकांना काय कळणार? कशाला तोंड शिणवायचं?

"ठेवा कुठंतरी," तो म्हणाला. "मुरू द्या."

मेच्या शेवटच्या रविवारी तो सकाळीच आप्पांच्या बंगल्यावर पोचला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भाड्यानं आणलेले चोवीस पेले. बाटल्या कुठायत विचारल्यावर तुळजाबाई स्वतः त्याला जिन्यानं वर घेऊन गेल्या. गच्चीवर ऊन भाजून काढत होतं. एका रांगेत लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या, तोंडाला फडकी बांधून, आणि त्याच रांगेत पुढं फ्रान्स, इटली, स्पेन, चिली, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया. त्यांच्याही गळ्याला स्वच्छ पांढरी फडकी बांधलेली.

"तूच म्हनला हुतास, मुरू द्या," तुळजाबाई म्हणाल्या. "दोन महिने झाले. रोज फिरवून ठेवती, समदीकडून ऊन लागाया पायजे. येक दिस खाडा न्हाई केला."

बाईंच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. त्यानं एक बाटली उचलली. चहाच्या कपासारखी गरम. फडकं सोडलं तर बूच बोटभर वर आलेलं, कडेनं चिकट ओघळ. सहाही तशाच. उघडायची गरजच नव्हती. मेल्या होत्या सगळ्या.

खरं सांगायची वेळ तीच होती. गच्चीवर तिसरं कुणी नव्हतं. पण सांगायचं म्हणजे आपण त्या दिवशी धड चार वाक्यं बोललो नाही, हेही सांगावं लागलं असतं. दोन खोल्या गेल्या असत्या, शाळा गेली असती.

"बरं केलंत, काकू," तो म्हणाला आणि बाटल्या फ्रीजमध्ये नेऊन कोंबल्या.

दुपारी मंडळी जमली. आप्पा, एक माजी सभापती, साखर कारखान्याचे दोन ठेकेदार आणि अंजू मॅडम, केस पांढरे झालेल्या, साध्या सुती साडीत. हनुमानला पाहून त्या मनापासून हसल्या. "कसा आहेस रे? तुझी आठवण येते. तुझ्यासारखं नाक पुन्हा मिळालं नाही मला." हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. हनुमान दोन इंच उंच झाला.

मग ओतणं सुरू झालं. माजी सभापतींनी पहिला घोट गुळणी करून गिळला आणि काकडीला मीठ मागितलं. एक ठेकेदार पेला उजेडात धरून एक डोळा मिटून बघत होता, जसा डिझेलमधला गाळ बघतात. दुसऱ्यानं सगळा पेला एका दमात रिकामा करून "पुढचा देश आन," असं फर्मान सोडलं. आणि देश तर सगळे एकच होते. प्रत्येक पेल्यातून तोच शिजलेला, करपट वास, गुऱ्हाळाची कढई खरवडल्यासारखा. फ्रान्सची माती, चिलीचा वारा, सगळ्याचा तेलगावच्या गच्चीवर काढा झाला होता.

"आहाहा, काय चव हाय!" आप्पा म्हणाले. "लई दाट! पुन्याला पेलो ते पानी हुतं हिच्याम्होरं."

मॅडमनी पहिला पेला नाकाशी नेला, थांबल्या. घोट घेतला, रुमालाआड पेल्यात परत टाकला. दुसरा पेला नुसता हुंगला. त्यांनी आप्पांकडं पाहिलं नाही, बाटलीकडं पाहिलं नाही. हनुमानकडं वळल्या आणि पूर्वीसारखंच, अगदी त्याच सुरात म्हणाल्या, "हनुमान, तू सांग."

दारात तुळजाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

हनुमानला ठाऊक होतं की मॅडमना कळलेलं आहे. आपल्याला कळलंय हेही त्यांना ठाऊक आहे, हेही त्याला कळत होतं. त्या खोलीत दोनच जिभा होत्या. त्यानं आयुष्यभर सगळ्या जगाला तुच्छ लेखलं ते या एका गोष्टीच्या जोरावर, की जीभ खोटं बोलत नाही. त्यानं घोट घेतला. फिरवला. थुंकला नाही, गिळला.

"अंजीर," तो म्हणाला. "खजूर. शेवटी गुळाचा गोडवा. मॅडम, अशी मुरलेली वाइन मी नाशिकला कधी चाखली न्हाई."

सभापतींनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदारांनी अंजीर शोधायला पुन्हा पेले भरून घेतले आणि दोघांनाही ते सापडलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. पेला त्यांनी हलकेच बाजूला सरकवला आणि आप्पांना यंदा कापसाला बोंडअळी होती का, ते विचारायला लागल्या.

आप्पांना आता आवरत नव्हतं. "मंग ठरलं! हनुमान आपला मॅनेजर. आन् आता जेवडा माल येईल, पन्नास खोकी येऊ दे न्हाई तर शंभर, समदा आदी दोन महिने गच्चीवर. हिच्या देखरेखीखाली!" तुळजाबाई लाजून आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांच्या हातचं चारचौघांत पहिल्यांदाच नावाजलं असावं. मॅडम मालाबद्दल एवढंच म्हणाल्या की कळवते.

ऊन कलायच्या आत त्या निघाल्या. हनुमान गाडीपर्यंत सोडायला धावला. बबिताला काय सांगायचं ते मनात तयार होतं, मॅनेजर, दोन खोल्या, शाळा. तरी त्याला वाटत होतं की मॅडमनी आता झापावं. मूर्खा म्हणावं, काय केलंस विचारावं, म्हणजे तो गच्चीपासून सगळं सांगेल. त्याला बोलायचं होतं. त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

मॅडम बसल्या. पर्स उघडली. शंभराची नोट काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली, बक्षीस म्हणून, पाहुण्यांनी टेबलावर ठेवून जावी तशी. अकरा वर्षांत त्यांनी त्याला कधी बक्षीस दिलं नव्हतं.

"छान वाढलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"थँक्यू, मॅडम," हनुमानच्या तोंडून गेलं, आणि पाहुण्यांसमोर झुकायची सवय होती तेवढा तो झुकला.