छत्रीखालच्या कुंदाताई

कुंदाताई नव्या माणसाची ओळख आधी दगडाशी करून देत. कासार आंबोलीत त्यांच्या शेताच्या बांधावर एक काळा खडक होता, राखाडी दगडफुलानं भरलेला. लवळ्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, त्याच आठवड्यात तिथंच कित्येक वर्षं शिकवणाऱ्या ताईंनी मला या खडकापाशी नेलं. "पाहुण्याला आधी पाणी द्यावं," म्हणत खडकावर ओंजळभर शिंपडलं. वाळून कडकडीत झालेलं ते दगडफूल बघता बघता हिरवं झालं.

"ही एक वनस्पती नाही गं, संसार आहे," ताई म्हणाल्या. "आतलं शेवाळ उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. वरची बुरशी त्याच्यावर सावली धरते, ओल एकदम उडू देत नाही."

हे चाललेलं असताना त्यांच्या डोक्यावर काळी छत्री धरून दाजी उभे असत. दाजी म्हणजे ताईंचे यजमान, तिथलेच शेतकरी. भिंग डोळ्याला लावलं की ताईंना ऊन कळत नसे. "दगडापायी भोवळ येती हिला, आन् उचलून मलाच न्यावं लागतंय," दाजी मला सांगत. एकदा त्यांनी आमटीत दगडफुलाचा मसाला घातला, तर ताई ताटावरून उठल्या. "माझ्या लेकरांना तेलात तळलंत?" "लई गुणाची हायेत लेकरं, वास तर बघ," म्हणत दाजींनी त्यांना परत बसवलं. दुसरी लेकरं त्या घरात नव्हती.

प्रयोगशाळेत ताईंनी दगडफुलातलं शेवाळ वेगळं काढून बशीत वाढवलं होतं. ते आणि अखंड दगडफूल, दोन्ही वाळवून प्रखर दिव्याखाली ठेवलं, मग पाणी दिलं. दगडफूल उठलं. बशीतलं शेवाळ पांढुरकंच राहिलं. "कोरडं पडून ते मरत नाही," ताई मुलांना सांगत, "एकटं कोरडं पडलं की मरतं."

गेल्या माघात दाजी शेतातच कोसळले आणि गेले. त्यानंतर ताई भर दुपारी उघड्या डोक्यानं खडकापाशी बसू लागल्या. जेवण नावापुरतं. एका रविवारी मी जाऊन दाजींची छत्री त्यांच्यावर धरली. त्या सरकून उन्हात बसल्या.

"राहू दे. तुझा हात भरून येईल. त्यांचा कधी आला नाही."

"ताई, माझ्याकडे भुकूमला चला ना."

"बशीत ठेवतेस मला?" असं म्हणून त्या हसल्या. ते हसू मला बघवलं नाही.

वैशाखात ताई गेल्या. डॉक्टरांनी आजाराचं काही नाव सांगितलं, ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. डोळ्यांपुढे ती बशी होती.

त्यांचे दिवस झाल्यावर मी खडकापाशी गेले, ओंजळभर पाणी शिंपडलं. दगडफूल हिरवंगार झालं आणि मला त्याचा रागच आला. मग दाजींची छत्री उघडून मी त्याच्यावर धरली. दगडफुलाला छत्री लागत नाही, त्याची त्याच्या अंगातच असते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी हात भरून येईपर्यंत तशीच उभी राहिले.