बाप गेल्याची सीट

लढाईचे दिवस होते. वऱ्हाडात पेट्रोल मिळत नव्हतं आणि डोणगावहून मेहकरला कोळशाच्या गॅसवर धापा टाकणारी एकच मोटार जायची. बाबांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि पाय भोपळ्याएवढा सुजला होता. वैद्य म्हणाला, आजच्या आज मेहकरच्या सरकारी दवाखान्यात न्या, नाहीतर पाय कापावा लागेल. माझं वेगळंच. डोक्यातला नायटा मिशीत उतरला म्हणून न्हाव्यानं आदल्या दिवशी माझं डोकं आणि मिशी, दोन्हींवर वस्तरा फिरवला होता.

मोटार गच्च भरलेली. बाबांनी पाय वर करून दाखवला. लोकांनी तो नीट पाहिला, हळहळले आणि मांड्या आणखी फाकवून बसले. हळहळीला काय, पैसे थोडेच पडतात. ड्रायव्हर म्हणाला, "जागा नाही बुवा. उद्या या."

माझं टाळकं सरकलं. भांडण्याआधी घाम पुसावा म्हणून डोक्याचा रुमाल सोडला, तर सगळ्या मोटारीची नजर माझ्या गोट्यावर.

"कोन गेलं, बापू?" ड्रायव्हरनं हळूच विचारलं.

मी नायट्याचं सांगणार, तेवढ्यात बाबाच बोलले, "याचा बाप गेला."

"आन् तुम्ही?"

"मी काका."

झालं. पुढच्या सीटवरचा पागोटेवाला मुकाट्यानं उतरून मागं गेला. जित्या बापाच्या सुजल्या पायाला जिथं बोटभर जागा नव्हती, तिथं मेल्या बापाच्या नावानं अख्खी सीट मोकळी झाली. एका बाईनं भाकर-ठेचा पुढं केला. मागून कोणी म्हणालं, "लय देवमानूस होता म्हंते." त्या भल्या माणसानं माझ्या बापाला त्या दिवसाआधी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बाबांनी सुस्कारा सोडला. "हाव, असा मानूस पुन्हा होनं नाही," म्हणाले आणि माझ्या वाटची भाकरही त्यांनीच संपवली.

पाय वाचला. पुढं कितीतरी वर्षं बाबा त्याच पायावर ताठ चालले, आणि घरी पाहुणा आला की स्वतःच्या मरणाची गोष्ट रंगवून सांगत.

मग ते खरंच गेले. पुन्हा डोकं आणि मिशी उतरली. तेरवीचं सामान आणायला मी मेहकरच्या मोटारीत चढलो. मोटार आता पेट्रोलवर पळत होती, गर्दी मात्र तीच. डोक्यावर टोपी असल्यानं गोटा झाकलेला, आणि बिनमिशीचं तोंड म्हणजे एव्हाना तरण्या पोरांची फॅशन झालेली. बसलेल्या एकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मिशी उडवली साहेब. नागपूरले नोकरी लागली काय?"

"हाव," म्हणालो, आणि दांडा धरून उभाच राहिलो. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की घरी गेल्या गेल्या हे बाबांना सांगायला पाहिजे.