एकट्याच्या वादनातले विराम

आमच्या दाजींना बँडमध्ये सगळे 'दुसरे' म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं क्लॅरिनेट वाजवलं. पहिल्याने सूर घ्यायचा, टाळ्या घ्यायच्या. दुसऱ्याने खालून आधार द्यायचा आणि उरलेला वेळ मांडीवर वाद्य ठेवून मात्रा मोजत बसायचं. दाजींचं मोजणं कधी चुकलं नाही. पण त्यांची एक ओळ कुणाच्या लक्षात राहिली असेल तर शपथ.

असा माणूस निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "एक रचना केलीय. एकट्याने वाजवायची, पक्ष्यांवर. निरोपाच्या कार्यक्रमात वाजवीन म्हणतो. मास्तर हो म्हणालेत."

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. मी वाद्यं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक 'आपोआप बिघडलं' म्हणतं आणि उघडून बघावं तर चावीवर पक्कडीचे ओरखडे. वीस वर्षं हेच बघितल्यावर माणूस सरळ राहत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे वाजवणाऱ्याला उतारवयात एकदम कंठ कसा फुटला?

दाजींनी चाव्यांखालची पॅड बदलायला क्लॅरिनेट माझ्याकडे ठेवलं. पेटीच्या खणात कागद होते. ते आपण बघू नयेत हे मला कळत होतं. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बघितले.

सुरुवात बरी होती. चार सूर, एक छोटीशी गिरकी. मग लिहिलेलं : चोवीस मात्रा विराम. पुढे पाच सूर, पुन्हा सोळा मात्रा विराम. पानभर तेच! श्वासापुरतं कुणीही थांबेल, पण एकटा वाजवणारा इतका वेळ कुणासाठी थांबणार? म्हणजे ही दोघांची रचना. त्यातल्या दुसऱ्या वादकाचा कागद दाजींनी कुठूनतरी उचलला आणि वर पक्षी चिकटवले. खोटं कशाला बोलू, चोर सापडल्याचा मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तरांकडे गेलो. "मी काही म्हणत नाही हं," असं म्हणत सगळं सांगून टाकलं. मास्तर आधीच भित्रे. उद्या कुणी चोरी पकडली तर, या धास्तीने त्यांनी दाजींचं वादन कार्यक्रमातून काढलं. कारण दिलं, वेळ पुरत नाही. दाजी म्हणाले, "बरं." ताई मात्र माझ्यासमोर रडली. "उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली रे त्यांनी," म्हणाली.

चार दिवसांनी क्लॅरिनेट तयार झालं, ते द्यायला मी सकाळीच तालमीच्या हॉलवर गेलो. दाजी एकटेच होते, मागच्या रांगेत, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर. पॅड बघतो म्हणाले आणि त्यांनी तीच रचना सुरू केली. चार सूर, गिरकी, मग वाद्य मांडीवर. बाहेरच्या झाडावर एक पक्षी लांबलचक काहीतरी बोलला. तो थांबला आणि त्याच्या शेवटच्या सुराला धरून दाजींनी पुढचे पाच उचलले.

मी त्यांच्या खुर्चीजवळ गेलो.

"दाजी, विरामात कोण वाजवतं?"

"ते." त्यांनी झाडाकडे मान हलवली. "एकतीस वर्षं मी गप्प असलो की त्यांचं चालू असतं. पहिली बाजू त्यांची. मला दुसरीच जमते."

"आणि नाहीच बोलले तर?"

"तर तेवढा वेळ शांत बसायचं. आपल्याला सवय आहे."

मी तसाच मास्तरांकडे गेलो. म्हटलं, माझी चूक झाली, रचना त्यांचीच आहे. मी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं मास्तर माझ्याकडे बघत होते. "त्या दिवशी खरं बोललात की आज? बहिणीने पाठवलं वाटतं." पत्रिका छापून झाल्या होत्या. विषय संपला.

निरोपाच्या संध्याकाळी कागद उडू नयेत म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दाजींनी नेहमीचंच वाजवलं, मात्रा मोजल्या, बरोबर जागी आले. शेवटी मास्तरांनी शाल दिली. खाली उतरताना दाजींनी पेटी माझ्या हातात दिली, कारण ताईला जिन्यावर धरावं लागतं.

रस्त्यावर आल्यावर ताई मला म्हणाली, "मास्तरांचे कान कुणीतरी भरलेत. तुला माणसं कळतात. कोण असेल रे?"

सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही.

"मला त्या पहिल्या क्लॅरिनेटवाल्याचा संशय येतो," मी म्हणालो.

दाजी थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "तो तसा नाही." आणि त्यांनी माझ्या हातातली पेटी काढून घेतली.