आर्डिसच्या हातचा कप

आर्डिस ट्वीटन पावाची कृती हातचं राखून सांगते, अशी गावात वर्षानुवर्षं बोलवा होती. आयोवातल्या त्या लहानशा गावात कुणीही वारलं की दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर तिचाच वेलचीचा पाव असायचा. बायका कृती मागायच्या, ती सांगायची. तीन कप मैदा, इतकं दूध, इतकं लोणी. घरी केला की त्यांचा पाव मात्र फुगायच्या ऐवजी पसरायचा. नणंद लव्हॉन तर तोंडावर म्हणायची, "एखादा जिन्नस पोटात ठेवतेस बाई तू!"

आर्डिस हसून सोडून द्यायची, पण ते आत लागायचं.

कर्करोग पार यकृतापर्यंत गेल्याचं कळलं, तेव्हा ती नवऱ्याला, ऑर्व्हलला म्हणाली, "आपल्या दगडाच्या पाठीवर पावाची कृती कोरून घे. मेल्यावर तरी खोटारडी नको ठरायला." दफनभूमीत दोघांच्या नावांचा दगड आधीच उभा होता, शेवटच्या तारखांची जागा तेवढी कोरी होती.

लव्हॉन वजनकाटा घेऊन आली. "कप नको कोरूस. कुणी चमच्याने अलगद भरतं, कुणी डब्यात खुपसतं. ग्रॅम कोर, म्हणजे कुणाला तोंड उघडायला जागा नाही."

आर्डिसने नेहमीसारखा कप मैद्यात खुपसला, डब्याच्या कडेला दाबत वर काढला, सुरीने सपाट केला. एकशे तेहतीस ग्रॅम. पुढच्या आठवड्यात एकशे चोवीस. कप तोच, डबाही तोच.

"काट्याचा सेल उतरला असेल," ऑर्व्हल म्हणाला.

"सेल माझा उतरलाय, ऑर्व्हल. हाताला जोर कुठे राहिलाय?" ती खुर्चीत टेकली. "आता कोरणार कुठला आकडा? पाव बिघडला तर म्हणतील, बाईनं जाता जाताही फसवलं."

 मग तिला खालचा फ्रीझर आठवला. गेल्या शरदात, पोटातल्या दुखण्याला पित्त समजत होती आणि हाताला जोर होता तेव्हा, नाताळच्या पावांसाठी तिने मैदा मोजून पिशव्या भरल्या होत्या. पिशवीत तीन कप. नाताळ दवाखान्यात गेला, पिशव्या तशाच राहिल्या.

ऑर्व्हलने एक वर आणून काट्यावरच्या भांड्यात ओतली. चारशे छप्पन्न.

"म्हणजे कपाला दीडशेच्या वर?" लव्हॉन पुटपुटली. "आणि मी एकशे वीस धरत आले! मैदाच कमी पडायचा."

तिने तिथेच त्या मैद्याचं पीठ मळलं. पाव चांगला तट्ट फुगला. आर्डिसच्या पोटात काही ठरत नव्हतं. तिने काप नुसता नाकाशी धरला.

"काय वगळलं होतं मी, लव्हॉन?"

"काही नाही गं."

"हे चर्चच्या तळघरात सांग. सगळ्या जमतील तेव्हा."

सगळ्या कशासाठी जमणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. ऑर्व्हल भांडी विसळायला उठला.

मार्चमध्ये, जमीन अजून दगडासारखी गोठलेली असताना, सगळ्या जमल्या. दोन पिशव्या उरल्या होत्या, त्यांचे पाव लव्हॉनने केले होते. ताट हातात धरून ती मधोमध उभी राहिली.

"तीन कप म्हणजे चारशे छप्पन्न ग्रॅम," ती म्हणाली. "दगडावरही हाच आकडा येईल. तिने काहीच..."

तिने ताट पुढे केलं. बायकांनी मान वर न करता एकेक काप उचलला.